कंबोडियाची अनवट मंदिरे आणि निवृत्तीची पुंजी

प्रश्न : मी साताऱ्याची निवृत्त इतिहास शिक्षिका. यजमानही निवृत्त आहेत, त्यांना मधुमेह आहे. दोघेही साठीच्या पुढचे. दोघांचे निवृत्तिवेतन मिळून महिना 41,000 रुपये, घरखर्च सुमारे 30,000. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दीड वर्षापूर्वी 15 लाख रुपये 8.2 टक्क्यांनी गुंतवले आहेत, 5 लाखांची बँकेतील ठेव ऑक्टोबरमध्ये पिकेल आणि 2 लाख बचत खात्यात आहेत. एक पर्यटन कंपनी व्हिएतनाम-कंबोडिया आठ दिवसांसाठी दोघांचे 3 लाख 30 हजार सांगते. मला मात्र कंबोडियातील अंकोरच्या मंदिरांबरोबर संबोर प्रेई कुक, कोह केर आणि बांतेय छमार ही कमी परिचित मंदिरस्थळेही पाहायची आहेत. माझ्या हिशेबाने पंधरा दिवसांच्या स्वतंत्र प्रवासाला, अंतर्गत प्रवासाचे 10,000 धरून, 2 लाख 40 हजार लागतील. येत्या पावसाळ्यातच जावे म्हणून बचत योजनेतील खाते मोडावे, की कंपनीची हप्त्यांची सोय घ्यावी?

उत्तर : महोदया, खाते मोडू नये, हप्तेही घेऊ नयेत; स्वतंत्र प्रवास करावा, पण तो नोव्हेंबरनंतर करावा आणि त्यासाठी 3 लाख रुपये धरावेत.

बचत योजनेतील खाते एक वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत बंद केल्यास मुद्दलातून दीड टक्का कापला जातो, म्हणजे आपल्या बाबतीत 22,500 रुपये थेट जातील. शिवाय त्या खात्यातून गरजेपुरते तीन लाख काढता येत नाहीत. मोडायचे तर पंधरा लाखांचे अख्खे खाते मोडावे लागते आणि दर तिमाहीला येणारे 30,750 रुपयांचे व्याजही थांबते. सहलीच्या हप्त्यांना ‘बिनव्याजी’ म्हटले तरी प्रक्रिया शुल्क, त्यावरचा वस्तू व सेवा कर आणि रोखीने भरल्यास मिळाली असती ती सूट यांची बेरीज केली, की व्याज कुठे दडले आहे ते दिसते.

थांबण्याला पैशाइतकेच हवामानाचेही कारण आहे. कंबोडियात साधारण मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस असतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा व त्यातल्या त्यात थंड असतो. आपली ठेव ऑक्टोबरमध्ये पिकते, त्यामुळे दोन्ही गोष्टी आपोआप जुळतात. विमानाची तिकिटे आधी काढावी लागतील. त्यासाठी 1 जुलै आणि 1 ऑक्टोबरला येणारे व्याज, म्हणजे 61,500 रुपये, बाजूला ठेवावे आणि कमी पडेल ते निवृत्तिवेतनातील शिलकीतून घालावे. बचत खात्यातील 2 लाख आजारपणासाठी आहेत, त्यांना हात लावू नये.

आता आपल्या अंदाजपत्रकाविषयी. त्यात प्रवेशशुल्क नीट धरले आहे. अंकोरचा एका दिवसाचा परवाना 37 डॉलर, तीन दिवसांचा 62 आणि सात दिवसांचा 72 डॉलर आहे; सात दिवसांचा परवाना महिनाभरात सवडीने वापरता येत असल्याने दहा डॉलर जास्त देऊन तोच घ्यावा. कोह केरला माणशी 15 आणि संबोर प्रेई कुकला 10 डॉलर धरले, तर डॉलरला 90 रुपयांच्या हिशेबाने दोघांची ही सारी तिकिटे साडेसतरा हजारांत बसतात. खरी चूक अंतर्गत प्रवासासाठी धरलेल्या 10,000 रुपयांत आहे. अनवट ठिकाणी तिकीट स्वस्त असते आणि तिथवर पोहोचणे महाग पडते. कोह केर अंकोरजवळच्या सिएम रीप शहरापासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे, तिथे दिवसभरासाठी गाडी आणि चालक ठरवणेच सोयीचे. गाडीसाठी 50,000 आणि स्थानिक वाटाड्यासाठी 20,000 रुपये धरावेत. असे करून माझी बेरीज 3 लाखांवर येते.

यात बचतीची एक जागा आहे. जाताना राजधानी नॉम पेन्हला उतरावे आणि परतीचे विमान सिएम रीपहून घ्यावे. कंपोंग थॉम हे शहर या दोन्हींमधल्या वाटेच्या साधारण मध्यावर आहे आणि संबोर प्रेई कुक तिथून सुमारे 30 किलोमीटरवर, त्यामुळे उलट फेरा पडत नाही. सातव्या शतकातील चेन्ला राज्याची राजधानी ईशानपूर ती हीच. 2017 मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. झाडांच्या मुळांनी वेढलेली तिथली विटांची अष्टकोनी देवळे अंकोर वाटच्या पाचशे वर्षे आधीची आहेत, आणि इतिहास शिकवलेल्या माणसाने आधी ती पाहून मग अंकोरला जाणे मला तरी अधिक सयुक्तिक वाटते. कोह केरचा सात टप्प्यांचा पिरॅमिड दहाव्या शतकातला.

बांतेय छमार मात्र या खेपेला वगळावे. तिथे गावकऱ्यांच्या घरी उतरण्याची सोय आहे आणि पैसा थेट गावात जातो, हे मला मनापासून आवडते. पण ते ठिकाण थायलंडच्या सीमेजवळ आहे आणि जुलै 2025 मध्ये त्या सीमेवर सशस्त्र चकमकी झाल्या. युद्धजन्य घटनांतून झालेले नुकसान प्रवास विम्यात सहसा वगळलेले असते. विमा घेताना यजमानांचा मधुमेह स्पष्ट नोंदवावा आणि रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे पाहावे.

कंपनीच्या सहलीची बाजूही पाहू. भाषा, गाड्या, जेवण यांची काळजी नको असेल, तर ती सेवा मोलाची आहे. परंतु आठ दिवसांत दोन देश पाहताना अंकोरच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येईल. 3 लाख 30 हजारांत वस्तू व सेवा कर धरला आहे का, हे लेखी विचारावे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर उगमस्थानी गोळा होणारा करही, म्हणजे टीसीएस, भरावा लागतो. त्याचे दर अनेकदा बदलले आहेत, म्हणून चालू दर विचारून घ्यावा. विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो किंवा देय करात वळता होतो, तरी काही महिने पैसे अडकतात. नुसते विमानाचे तिकीट किंवा नुसते हॉटेल स्वतंत्रपणे घेतल्यास पॅकेजवरचा हा कर लागत नाही.

कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण फाटकी किंवा शाईचे डाग असलेली नोट परत केली जाते. बँकेतून घेतानाच प्रत्येक नोट पाहून घ्यावी. ठेव पिकली, की त्यातील 2 लाख त्याच दिवशी पुन्हा मुदत ठेवीत टाकावेत. सहलीसाठी उरणाऱ्या 3 लाखांतून, तिकिटांसाठी आधीच व्याजातून दिलेले 61,500 रुपये बाजूला काढून ठेवावेत.