नागपूरहून आई-वडील आणि मुलांना घेऊन मॉरिशसला पूर्वजांचं मूळ शोधायला जायचं आहे. तयारी कशी करावी?

तिकिटं काढली नसतील तर जरा थांबा. तुम्ही लिहिलंय की मॉरिशसच्या एका जुन्या गिरमिटी (म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या) नोंदीचा फोटो तुम्हाला इंटरनेटवर मिळाला, त्यात ठिकाण 'नागपूर' आणि जात 'धनगर' असं आहे. तुम्ही उमरेडकडचे धनगर, घरात 'मोरसला', म्हणजे मॉरिशसला, गेलेल्या एका पूर्वजाची गोष्ट चालत आलेली, त्यामुळे हाच तो माणूस असं सगळ्यांनी धरलं आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील आता त्या बेटावर पाय ठेवायला उतावीळ झालेत.

ती नोंद बहुधा तुमच्या पूर्वजाची नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण इथे घरबसल्या कळलेलं बरं.

त्या काळच्या कलकत्त्याच्या कागदांत मजुराच्या नावापुढे 'नागपूर' आलं की ते बहुतेक वेळा छोटा नागपूर असतं, म्हणजे रांचीकडचा डोंगराळ मुलूख, आजचा झारखंड. आणि त्याच कागदांत 'धनगर' म्हणजे त्या डोंगरांतले उरांव वगैरे आदिवासी मजूर. मेंढरं, घोंगडी, बिरोबा यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, तिथून मॉरिशसमधल्या गिरमिटाची सुरुवात मानतात आणि त्या तारखेला तिथे आजही सरकारी सुट्टी असते. ते ३६ जण याच प्रकारचे 'धनगर' होते, कलकत्त्याहून निघालेले. आपल्या नागपूरच्या माणसाला ही दोन्ही नावं इतकी घरची वाटतात की शंकाच येत नाही.

म्हणून त्या फोटोत आधी जहाज कुठल्या बंदरातून सुटलं ते बघा. मॉरिशसला माणसं मुख्यतः कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून गेली. बंदर कलकत्ता असेल आणि जिल्ह्याच्या रकान्यात रांची, लोहारडगा, हजारीबाग असलं काही असेल तर विषय संपला. मुंबई असेल तर मात्र नीट बसून वाचा. सालही बघा. १८५४ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं, आणि मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. त्याआधी उमरेडचा माणूस मुंबई बंदरावर पोचायचा तर बैलगाडीनं नाहीतर पायी. अशक्य नाही, दुष्काळात माणसं याहून लांब चालली आहेत. पण तसं म्हणायला कागद हवा.

आता आमचं सांगतो. आम्ही तीन पिढ्यांपासून नागपूरकर, पण मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले. खापरपणजोबांचे थोरले भाऊ मुंबईहून बोटीनं गेले ते परत आले नाहीत, एवढंच माहीत होतं. आमच्या बाबतीत शोध उलट्या बाजूनं लागला. तिकडच्या एका कुटुंबानं आपल्या गिरमिट्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा काढला होता, त्यात वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा होता, आणि त्या गावाचं आडनाव लावणारी माणसं शोधत ते आमच्या चुलतभावापर्यंत आले. आमच्याकडे पडताळायला काय होतं? जात पडताळणीची फाईल. आजोबांनी कधीकाळी आत्याच्या कॉलेज प्रवेशासाठी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून दिली होती आणि त्यांना वरची नावं तोंडपाठ होती म्हणून त्यांनी ती सगळी लिहून टाकली होती. त्यातलं सगळ्यात वरचं नाव आणि उताऱ्यातलं वडिलांचं नाव एकच निघालं, गावही तेच. तेवढ्यावर आम्ही नातं मानलं. कोर्टात टिकणार नाही, पंगतीत टिकतं.

तुम्हीही तीच फाईल काढा. विदर्भात बऱ्याच घरांत कुणाच्या तरी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ही फाईल झालेलीच असते. त्यात कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची) नक्कल असेल, शाळेच्या दाखल-खारीजचा उतारा असेल, जमीन असेल तर अधिकार अभिलेखाची प्रत असेल. हे कागद १८५०-६० पर्यंत क्वचितच जातात, पण सगळ्यात वरची दोन-तीन नावं आणि मूळ गाव पक्कं करतात. त्र्यंबकेश्वर, नाशिकला घरचं कुणी श्राद्धाला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांकडच्या नामावळीत सह्या मिळू शकतात. आणि आईला बोलतं करा, वडिलांच्या आधी. गेलेल्या माणसाची बायको कुठली होती, ती मागे राहिली का, तिच्या माहेरी कोण, या गोष्टी बायकांच्या आठवणीत टिकतात. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मध्ये दुरुस्त करू नका.

हे सगळं निघायच्या आधी का, तर तिकडच्या दप्तराची रचनाच तशी आहे. गिरमिट्यांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. उतरणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर मिळे आणि वह्या त्या नंबरांच्या क्रमानं, जहाजामागून जहाज अशा लागल्या आहेत. नाव, वडिलांचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, कुठल्या ऊसमळ्यावर पाठवलं, असं बरंच असतं. १८६० च्या दशकापासून पुढच्या काहींचे फोटोही आहेत. पण 'उमरेडचे किती आले' असं विचारून त्या वह्या उघडता येत नाहीत. एकूण आलेले साडेचार लाखांच्या आसपास. मॉरिशसचा माणूस आपल्या, वडिलांच्या, आजोबांच्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांची साखळी लावत गिरमिट्याच्या नंबरापर्यंत पोचतो. आपण भारतातून जाणारे दुसऱ्या टोकाला उभे असतो: गाव ठाऊक, नंबर नाही. नंबर किंवा निदान जहाजाचं नाव आणि साल हातात नसेल तर मोक्याला जाऊन तुम्ही इमारत बघून याल. तुमच्याकडे फोटो आहे म्हणजे नंबर असणार; संस्थेला आधी पत्र लिहा, तो नंबर द्या, बाहेरच्या माणसाला काय दाखवतात आणि कुठली कागदपत्रं लागतात ते लेखी विचारून घ्या.

दुसरा मार्ग माणसांचा. तिथे मराठी समाज आहे, मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशनसारख्या संस्था आहेत, शाळांत मराठी शिकवतात. एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथे आडनाव म्हणून बहुतेकदा कुणा पूर्वजाचं पहिलं नावच पुढे चाललेलं असतं, आणि तेही कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. आपल्या आडनावाचा माणूस फेसबुकवर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. 'सखाराम'चे पणतू 'सखाराम' आडनावाचे असतील, नाहीतर नुसते 'सक्कू'.

सध्या तिकडची कुटुंबंही कागद काढायच्या मागे आहेत, कारण २०२४ मध्ये भारत सरकारनं भारतीय वंशाच्या मॉरिशसकरांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना इथे ये-जा करायची आणि राहायची मुभा देणाऱ्या कार्डाची) सोय जाहीर केली. त्यामुळे तुमच्या पत्राला उत्तर मिळायची शक्यता वाढली आहे. मात्र आपण जमिनीच्या वाट्यासाठी किंवा कुणाला तिकडे चिकटवण्यासाठी आलेलो नाही, हे पहिल्याच पत्रात लिहून टाका. हा संशय दोन्ही बाजूंना असतो. आमच्या एका काकांनी तर 'ते कोकणातली जमीन मागतील' म्हणून भेटायलाच विरोध केला होता, आणि ती जमीन कातळ आहे, तिच्यावर गवतसुद्धा धड उगवत नाही.

आणि घरच्यांना अजून एक शक्यता सांगून ठेवा: गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक करार संपल्यावर परत आले. तुमचा पूर्वज परत येऊन मुंबईतच राहिला असेल, किंवा तिकडे निपुत्रिक गेला असेल. वडील जर 'आपले लोक भेटणारच' या हिशेबानं विमानात बसणार असतील तर त्यांची समजूत आधी घाला, तिथे हॉटेलच्या खोलीत नको.

डीएनए चाचणीचं कुणीतरी सुचवेलच. पाच-सहा पिढ्यांमागचं चुलत नातं त्यात दिसेलच असं नाही, त्यामुळे 'जुळलं नाही' याचा अर्थ 'नातं नाही' असा होत नाही. मी त्यावर पैसे घातले नसते.

आता प्रत्यक्ष प्रवास. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते. मुंबईहून विमान सहा-साडेसहा तास. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या गोळ्यांचं वेळापत्रक फारसं बिघडत नाही. मुलांच्या सुट्ट्यांमुळे मे महिनाच धरा: इथे पंचेचाळीस, तिकडे हिवाळ्याची चाहूल, आणि चक्रीवादळांचा हंगाम आटोपत आलेला. बाबा पहिल्याच संध्याकाळी 'थंडी वाजून राहिली बाप्पा' म्हणत मफलर शोधत होते. स्वेटर घ्या.

सहलवाले तुम्हाला उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये ठेवतील. घेऊ नका. वाक्वा, कात्र बोर्न या मधल्या पठारावरच्या गावांत घर भाड्यानं घ्या. मोका जवळ, पोर्ट लुईला थेट मेट्रो, आणि मराठी वस्ती ज्या पश्चिम बाजूला जास्त आहे तीही फार लांब नाही. बेट आपल्या नागपूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही लहान आहे, तरी रोज एकच ठिकाण ठरवा. चालकासह मोठी गाडी सांगितलीत तर चालक स्वतःच अर्धा वाटाड्या असतो. आमच्या चालकानं रस्ता सोडून उसात उभं असलेलं एका बंद कारखान्याचं धुराडं दाखवलं, तो मळा आमच्या उताऱ्यात नव्हता, पण बाबांना उतरायचंच होतं.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट सगळ्यांनी मिळून बघा. १८४९ पासूनचा हा गिरमिट्यांचा डेपो, २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. बोटीतून उतरलेले लोक ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून आत गेले, त्या अजून आहेत. मोक्याच्या दप्तरात मात्र आई-वडिलांना आणि मुलांना नेऊ नका. तिथे काम म्हणजे तासन्‌तास बसून राहणं. दोघांनी जा, बाकीच्यांना त्या दिवशी फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर सोडा. मुलांना एक नोटही हातात द्या: मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजी आणि तमिळसोबत देवनागरी अक्षरंही आहेत. माझ्या पुतणीनं ती वाचायच्या नादात सगळ्या किमतीच्या नोटा जमवल्या.

शाळेची अडचण नसेल तर मे सोडून गणपतीत जा, असं मी म्हणेन. तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, गावागावांतली मराठी कुटुंबं एकत्र आलेली असतात, आणि एरवी घरात क्रिओल (फ्रेंचवरून आलेली तिथली बोली) बोलणारी माणसं त्या दिवशी आरत्या म्हणतात. दप्तर तेवढं बंद असेल. आमच्या आईला नातं कागदावरून पटलं नव्हतं. त्यांच्याकडे बायकांनी फेर धरून झाकरी म्हटली, तेव्हा ती 'ही तर आपली जाखडी' म्हणत उठली आणि गुडघे विसरून मध्ये जाऊन उभी राहिली. नंतर दोन दिवस गुडघ्यांनी आठवण करून दिली, तेव्हा मलमाची ट्यूब न्यायला विसरू नका.

जेवणाची काळजी नको. रस्त्यावर डाळपुरी मिळते, शाकाहारी आहे आणि म्हाताऱ्यांनाही चावता येते. सावजीवाल्यांनी आपला मसाला बरोबर न्यावा.

आधी त्या फोटोतला बंदराचा आणि जिल्ह्याचा रकाना मोठा करून बघा आणि जसं लिहिलंय तसं इथे उतरवा. त्या काळच्या कारकुनांनी आपल्या गावांची केलेली दशा वाचायची मला आता बरीच सवय झाली आहे. रांची निघालं तर सुट्ट्या आणि पैसे शिल्लक ठेवून मुंबईच्या जहाजांच्या बाजूनं नव्यानं सुरुवात करता येईल, आणि आई-वडिलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.