तळ्यावर वाढलेल्याने समुद्रावर धंदा करावा का?

प्रश्न : आमचे घर भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीला लागून आहे. डोंगा चालवायला मी वडिलांकडून शिकलो. गेले दोन हंगाम मालवणला प्रवासी होडीवर खलाशी होतो आणि परत येताना जीव जड झाला. तिथेच जुनी होडी घेऊन स्वतःचा धंदा करावा, असे मनात आहे. वडील म्हणतात, पाणी इथेही आहे. आपण तिकडे धंदा करता, म्हणून विचारतो.

उत्तर : तुमची ओढ मला कळते, कारण मीही बोडीच्या, म्हणजे शेतालगतच्या छोट्या तळ्याच्या, काठी वाढलो आणि आज पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून, झापांनी झाकून, रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गावी येतो. मात्र पाण्याची माया आणि पाण्याची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नुकसान सोसून शिकावे लागले. पहिल्याच वर्षी भरतीच्या वेळी मी होडी धक्क्याच्या कडीला आखूड दोराने बांधली आणि जेवायला गेलो. आपल्या तलावाचे पाणी महिन्याभरात वीतभर उतरते; तिथे ते दिवसातून दोनदा उतरते. परतलो तेव्हा होडी दोराला लोंबकळत होती आणि नाळेजवळची, म्हणजे पुढच्या टोकाची, फळी उचकटली होती. शेजारच्या म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, मला एवढेच विचारले, "आज तिथी कोणती?" त्याचा हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते, म्हणजे चतुर्थीला सुमारे ३ वाजता आणि अष्टमीला ६ वाजता, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. खलाशी असताना हे हिशेब मालक करतो, त्यामुळे ते आपल्या अंगी मुरत नाहीत.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. खारे पाणी इंजिन खाते, म्हणून आउटबोर्ड इंजिन असेल तर ते रोज गोड्या पाण्याने धुवावे लागते. बुडाला चिकटलेले शिंपले दरवर्षी खरवडून रंग द्यावा लागतो. होडीची नोंदणी, सागरी मंडळाचा परवाना आणि प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक जाकीट यांना पर्याय नाही. शिवाय पावसाळ्यात प्रवासी वाहतूक बंद असते, तेव्हा उरलेल्या महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचे असते.

खरी कसोटी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीत लागते. सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसत असतो, प्रवासी पैसे पुढे करून उभे असतात आणि वारा फिरलेला असतो. त्या वेळी "आज होडी जाणार नाही" असे म्हणण्याची ताकद ज्याच्यात आहे, त्यानेच मालक व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या दृष्टीने पाण्यावरचे प्रेम तिथेच दिसते.

म्हणून यंदा होडी घेऊ नका. आणखी एक पूर्ण वर्ष त्याच मालकाकडे राहा, पण हिशेबाची वही हाती मागून घ्या आणि दुरुस्तीच्या दिवसांतही तिथेच थांबा, कारण फळी, खिळा आणि रंग यांचा भाव तेव्हाच कळतो. तलावाच्या मच्छीमार संस्थेतील घरचा वाटा मात्र विकू नका. पावसाळ्यात तोच तुम्हाला धरून ठेवील. आणि वडिलांना एकदा मालवणला न्या. भरतीला धक्क्यावर उभे करा, सहा तासांनी त्याच जागी पुन्हा आणा, आणि दोर किती लांब सोडावा, हे त्यांनाच विचारा.