स्किड अडकली की कलेक्टिव्ह खाली

प्रश्न : इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं, हे खरं का?

नाही. कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलणारा दांडा) लगेच खाली केला, तर खालून येणाऱ्या हवेवर रोटर, म्हणजे वरची पाती, फिरत राहतो आणि उतरता येतं. मात्र आर-२२सारख्या हलक्या यंत्रात ‘लगेच’ म्हणजे जेमतेम सेकंदभर.

प्रश्न : मग व्हिडिओ पाहून ऑटोरोटेशनचा (इंजिनाविना असं उतरण्याचा) सराव एकट्याने करू का?

नको. शेजारी प्रशिक्षक हवाच.

प्रश्न : मुलगा आर-२२ शिकायला अमेरिकेत चालला आहे. एजंट म्हणतो, दहा तासांत सोलो.

एजंटला सांगा, १९९५ पासून तिथला नियम आहे : नवख्याने आर-२२ एकट्याने उडवण्याआधी किमान २० तास प्रशिक्षकासोबत. पैसे भरण्याआधी एखाद्या जुन्या वैमानिकाला भेटा.

प्रश्न : मी शिकाऊ आहे. जमिनीपासून दोन फुटांवर हॉवर करताना (हवेत एका जागी स्थिर राहताना) कसली आलीय भीती?

हा प्रश्न दर बॅचला येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उंचीची धास्ती सगळ्यांनाच असते, जमिनीची कुणालाच नसते. एक स्किड (चाकांऐवजी असलेली खालची आडवी दांडी) चिखलात रुतते, गवतात अडकते किंवा बांधलेली दोरी सोडायची राहून जाते. मग तीच स्किड दाराची बिजागरी होते आणि यंत्र तिच्याभोवती कलंडू लागतं. शिकाऊ घाबरून ‘वर उचलू, सुटेल’ म्हणत कलेक्टिव्ह ओढतो. उलटवणारा जोर नेमका तिथूनच येतो! परिस्थितीनुसार ५ ते १५ अंशांच्या पुढे कल गेला, की सायक्लिक (यंत्र हव्या त्या बाजूला कलवणारी कांडी) उलट दिशेला पूर्ण दाबूनही उपयोग नाही. कलेक्टिव्ह खाली करा, तोही सावकाश. दांडा झटक्यात खाली आपटलात तर दुसऱ्या बाजूला उलटाल. ‘बघू, सावरतोय का’ म्हणत थांबणारे प्रशिक्षकही मी पाहिलेत, त्यांचा मला जास्त राग येतो. उतारावर उतरण्याचा सराव करण्याआधी तुमच्या प्रशिक्षकाला हे सारं जमिनीवर, इंजिन बंद असताना समजावून सांगायला लावा.

प्रश्न : पुण्यात मे महिन्यात हॉवरला ताकद पुरत नाही. इंजिन बिघडलंय का?

बहुधा हवा विरळ झालीय. पुण्याचा विमानतळ सुमारे १,९०० फुटांवर. पारा ४० अंशांवर गेला की यंत्राला हवा ५,००० फुटांच्याही वरची वाटते. वजन आणि यंत्राच्या क्षमतेचा तक्ता पडताळा. तरीही शंका उरली तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय उडवू नका.

प्रश्न : सर्दीची गोळी घेऊन उडवलं तर चालेल?

नाही. विमानवैद्यक तज्ज्ञांना विचारा, केमिस्टला नव्हे.