चीनमध्ये पोलादाची मागणी वाढली, तर गोव्यातल्या विहिरी का आटतात?

कारण गोव्याच्या खाणपट्ट्यात खनिज आणि भूजल बऱ्याच ठिकाणी एकाच थरात आहेत. वर जांभा, त्याखाली चिकणमाती, त्याखाली भुकटीसारखं लोहखनिज. चिकणमातीतून पाणी फारसं झिरपत नाही, भुकटीत मात्र भरपूर साठतं. म्हणजे खाणवाले जो थर उचलून नेतात, तीच गावाची पाण्याची टाकी. खड्डा भूजलपातळीखाली गेला की तो कोरडा ठेवायला सतत पंप लावावे लागतात. आजूबाजूचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं आणि विहिरी वेळेआधीच तळ दाखवतात. पावसाळ्यात पातळी चढते, पण थरच गेला असेल तर पूर्वीइतका साठा होत नाही.

इथलं खनिज हलक्या प्रतीचं, बरंचसं ६० टक्क्यांहून कमी लोहाचं. २००० नंतरच्या दशकात चिनी कारखाने ते उंची खनिजात मिसळायला घेऊ लागले. भाव चढले, तसा पूर्वी टाकाऊ म्हणून डंपवर, म्हणजे खाणीतल्या मातीच्या ढिगावर, पडलेला मालही विकला गेला. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज निर्यात झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणकाम थांबवलं आणि २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. माझ्या मते एवढ्याने विहीर वाचत नाही. खड्ड्याच्या खोलीवर गावागणिक मर्यादा हवी.

शेतीचं नुकसान वेगळंच. १ टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती काढावी लागते. डंपवरची ही माती पावसात वाहून भातशेतीत बसते आणि वाळली की घट्ट पापुद्रा धरते. गाळ अडवायला तलाव खोदतात, पण २ मायक्रॉनचा (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यातही १ मीटर खाली बसायला सुमारे ३ दिवस घेतो. मुसळधार पावसात पाणी तलावात एवढं थांबतच नाही. म्हणून माती डंपवरच धरावी लागते: पायथ्याशी चिऱ्यांची भिंत, पायऱ्यांचा उतार, पावसाआधी काथ्याची जाळी आणि गवत.

तुमच्या गावात शंका असेल तर दर पंधरवड्याला सकाळी, उपसा सुरू होण्याआधी, विहिरीच्या कठड्यावरच्या ठरावीक खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजा. खाणीचा पंप चालू होता की बंद, तेही लिहा. खाणीपासून लांबची एक विहीरही मोजत राहा. दोन्ही सारख्याच उतरल्या तर तो बहुधा उन्हाळा. जवळचीच झपाट्याने उतरली आणि पंप बंद पडल्यावर चढली, तर पाणी खाणीत जातंय.