ठिपक्यांचा पांढरा पतंग ओळखायचा कसा

तू दाखवलेला फोटो बघितला, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके म्हणजे हा युटेथायसा, टायगर मॉथ नावाच्या पतंगांच्या गटातलाच, दिवसाही उडतो म्हणून नवीन लोकं त्याला फुलपाखरूच समजतात. मिशा बघ, दोऱ्यासारख्या, टोकाला गाठ नाही, म्हणजे पतंग.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पतंगामागे पळणं. आधी झाड शोध गं! पावसाळ्यात आपल्या बडोद्यात मोकळ्या प्लॉटवर खुळखुळा उगवतो, पिवळी फुलं, वाळलेली शेंग हलवली की वाजते, त्याच्या पानांवर आणि शेंगांत अळ्या मिळतील. झाडातलं विष त्या अंगात साठवतात आणि ते पतंगातही उतरतं, म्हणून पक्षी सहसा नादी लागत नाहीत, भडक रंग हा त्याचाच इशारा. मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

- त्याच झाडावर नारिंगी पतंग दिसला तर तो बहुतेक अर्जिना, गल्लत नको.
- केसाळ अळी हाताने उचलू नकोस, फांदीसकट घे.
- अळी पाळायच्या डब्यात रोज ताजा पाला त्याच झाडाचा, पाणी साचू द्यायचं नाही.

युटेथायसाच्या दोन जातींपैकी हा पुल्केला की लोट्रिक्स हे आत्ता सोड, फोटोत दोन्ही फार सारखे दिसतात. अंडी, अळी, कोष, पतंग, प्रत्येक टप्प्याचा तारखेसकट फोटो काढ आणि मला दाखव.