शंभरातले 69 खरंच विद्यापीठाच्या घशात जातात का?

प्रश्न : माझा भाचा बोस्टनला कॅन्सरवर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतोय. 2025 मध्ये तिकडच्या सरकारनं रिसर्चचा ओव्हरहेड, म्हणजे थेट संशोधनाशिवायचा वरखर्च, 15 टक्क्यांवर आणायचं काढलं, तेव्हापासून आमच्या ताईला झोप नाही. जावई म्हणतात बरंच झालं, हार्वर्ड 69 टक्के घेतं, म्हणजे शंभरातले 69 बिल्डिंगी न साहेब लोकांवर उडतात. खरंय का? आणि भाच्याची नोकरी जाणार का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी जावईबापूंचं गणित सोडवू, ह्यात भलेभले गंडतात. ते 69 शंभरातले नाहीत, शंभरावर वरचे आहेत. थेट संशोधनाला 100 डॉलर मंजूर झाले की विद्यापीठाला वर 69, एकूण 169, म्हणजे ओव्हरहेड पडला साधारण 41 टक्के. त्यातही महागडी मशिनरी, विद्यार्थ्यांची फी असलं काय काय वगळून मग टक्के लावतात, म्हणून प्रत्यक्षात अजून कमी बसतो. आणि हार्वर्ड म्हणजे सगळी अमेरिका नव्हे. हा पैसा देणारी सरकारी संस्था एनआयएच, तिनंच सांगितलेला हिशोब बघा, 2023 मध्ये 35 अब्ज डॉलरच्या ग्रँट्स, त्यातले 9 अब्ज ओव्हरहेडचे. रुपयाला चार आण्याच्या जरासं वर.

आता हे पैसे जातात कुठं? अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या कुणालाही विचारा की, नुसतं सूत न मजुरी धरून रेट लावला तर शेडचं भाडं, लाइटबिल, वॉचमन कुणाच्या खिशातनं? लॅबचंही तसंच. ट्यूमरचे नमुने उणे 80 डिग्रीच्या फ्रीजरात ठेवतात, फ्रीजर ग्रँटमधून एकदाच येतो पण तो चोवीस तास चालवायची वीज, लाइट गेली तर जनरेटर, रात्री दोनला आतलं टेंपरेचर चढलं की ज्याचा फोन वाजतो तो माणूस, हे कुठल्या एका प्रोजेक्टच्या नावावर टाकणार? शिवाय उंदरांचं अ‍ॅनिमल हाऊस, एथिक्स कमिटी, केमिकलचा कचरा, ऑडिट. आपल्याकडं प्रोजेक्टला ओव्हरहेड दहा टक्क्यांच्या आसपासच मिळतो आणि मग मे महिन्यात सोलापुरात जनरेटरच्या डिझेलचं बिल कुठल्या हेडला टाकायचं ह्यावरनं काय रामायण होतं ते प्रोजेक्ट चालवणाऱ्यांना विचारा.

तरी जावई अगदीच चूक नाहीत हं. 1990-91 मध्ये स्टॅनफर्डनं चक्क एका नौकेचा घसारा सरकारी ओव्हरहेडमध्ये लावल्याचं निघालं, लई गाजलं ते, अध्यक्षांना पद सोडावं लागलं आणि त्यानंतर विद्यापीठांच्या प्रशासकीय खर्चाच्या भागाला 26 टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे साहेब लोकांवरच्या खर्चाला लगाम तेव्हापासून आहेच, 15 टक्क्यांत मात्र वीज, बिल्डिंग, कचरा सगळंच बसवायला लागलं असतं. माझं मत विचाराल तर उधळपट्टी पकडायला ऑडिट कडक करा, सरसकट टक्के कापून नौकावाला न फ्रीजरवाला दोघं एकाच मापात कशाला?

15 टक्क्यांचं हे फर्मान सरकारनं 7 फेब्रुवारी 2025 ला शुक्रवारी जाहीर केलं आणि सोमवारपासून लागू, चालू ग्रँट्सनासुद्धा! त्याच सोमवारी 22 राज्यं कोर्टात गेली, भाच्याच्याच गावात, बोस्टनच्या फेडरल कोर्टात. न्यायाधीश एंजल केली यांनी आधी तात्पुरती आणि एप्रिलमध्ये कायमची मनाई दिली, सरकार अपिलात गेलं तिथंही हरलं. खरं तर असाच घाट 2017 मध्येही घातला होता, तेव्हा संसदेनं बजेटच्या कायद्यातच असे दर परस्पर बदलायचे नाहीत म्हणून लिहून ठेवलं, ते आत्ता कामाला आलं.

नोकरीचं म्हणाल तर पोस्टडॉकचा पगार सहसा थेट खर्चातनं होतो, त्यामुळं 15 टक्क्यांचा फटका त्याला सरळ बसला नसता. पण 2025 मध्ये हार्वर्ड, एमआयटीसकट बऱ्याच विद्यापीठांनी नवीन भरती थांबवली होती, सरकारनं कित्येक ग्रँट्स मधेच बंदही केल्या, ते वेगळंच प्रकरण आहे आणि काळजी करायची तर त्याची करा. ताईंना सांगा, पुढच्या फोनला भाच्याला विचारा की पगार कुठल्या ग्रँटवर आहे न ती कधी संपते.