व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ऑनर कमिटीपुढे परीक्षेतल्या कॉपीचं प्रकरण कसं चालतं?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलावर परीक्षेत कॉपी केल्याची तक्रार झाली आहे, ऑनर कमिटीचं ईमेल आलंय, आणि हे विद्यार्थ्यांचंच मंडळ असेल तर प्राध्यापकांना भेटून मिटवता येईल का?

मिटवता येणार नाही, आणि मुलाला तसा प्रयत्न करायलाही सांगू नका. तक्रार नोंदली गेली की प्रकरण कमिटीच्या हातात जातं. त्या पेपरचे गुण मात्र प्राध्यापकांच्याच हातात राहतात. त्यामुळे कमिटीने निर्दोष ठरवलं तरी गुणांचा विषय वेगळा उरू शकतो.

आपल्याकडे पर्यवेक्षक असतो, भरारी पथक असतं. व्हर्जिनियात १८४२ पासून प्रतिज्ञेची पद्धत आहे; विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर लिहून सही करतो की मी मदत दिली नाही आणि घेतली नाही. विश्वास विद्यार्थ्यांनी सांभाळायचा म्हणून तो मोडल्याचा निवाडाही विद्यार्थीच करतात. २०२२ पर्यंत दोषी ठरलेल्याला एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. त्या वर्षी विद्यार्थ्यांनी मतदान करून तिच्या जागी दोन सत्रांची सक्तीची रजा आणली आणि २०२३ मध्ये प्रकरण पाहून शिक्षा ठरवायची पद्धत स्वीकारली. नेटवर जुने लेख वाचून घाबरला असाल, तर आधी त्यांच्या तारखा बघा.

आता क्रम. मुलाला एक ऑनर अॅडव्हायजर मिळतो. तो प्रशिक्षित विद्यार्थीच असतो, पण बाजू मांडणारा नव्हे, प्रक्रिया समजावणारा. मग तपास करणारे विद्यार्थी तक्रारदाराला, मुलाला आणि साक्षीदारांना भेटतात, कागद गोळा करतात. ते सगळं कमिटीच्या तिघांपुढे जातं आणि आरोप ठेवायचा की नाही हे ते ठरवतात. आरोप ठेवला तरच सुनावणी होते. सुनावणीत तीन गोष्टी तपासतात: कृत्य घडलं का, ती फसवणूक ठरेल हे त्याला कळत होतं किंवा कळायला हवं होतं का, आणि ती चालवून घेतली तर परस्परांवरचा विश्वास ढासळेल इतकी ती गंभीर आहे का. पालकांना हा तिसरा मुद्दा माहीतच नसतो. कंपासपेटीतून आणलेली चिठ्ठी आणि वेळ संपल्यावर पुरं केलेलं अर्धं वाक्य इथे एका मापाने मोजलं जात नाही. दोषी ठरवायला पुरावाही संशयाला वाजवी जागा न ठेवणारा लागतो.

पुरावा बहुधा कसा असतो? शेजारी बसलेल्या दोघांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या संचांच्या असतात, आणि मुलाच्या उत्तरपत्रिकेत शेजाऱ्याच्या संचातले आकडे सापडतात. हे खोडून काढणं फार कठीण. नुसतं बरोबर उत्तर जुळलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही, पण तीच विचित्र चूक तिसऱ्या-चौथ्या पायरीला दोघांकडे असेल तर प्रश्न विचारले जाणारच.

संगणकाच्या नोंदींचं मात्र वेगळं आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्याच डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयात 'कॅनव्हास' या ऑनलाइन अभ्यासाच्या प्रणालीतल्या नोंदींवरून १७ विद्यार्थ्यांवर आरोप ठेवले गेले. परीक्षेच्या वेळी अभ्यासाची पानं उघडलेली दिसत होती. पण खोलीत पडलेला, लॉगिन राहिलेला फोन किंवा टॅबलेट कोणी हात न लावताही अशा नोंदी तयार करू शकतो. शेवटी सगळे आरोप मागे घेतले गेले. मुलाविरुद्ध अशी नोंद असेल, तर कच्ची नोंद मागा, मिनिटा-सेकंदासकट. कुठलं उपकरण, कुठलं पान आणि त्या पानाचा प्रश्नाशी काही संबंध आहे का, हे एकेक करून पाहायला लावा.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या आठवड्यात होतं. "काही कबूल करू नकोस" किंवा "पाया पड, सोडतील" हे आपले दोन्ही सल्ले इथे घातक आहेत. खोटं बोलणं हाच तिथे वेगळा गुन्हा आहे, म्हणजे खोटा इन्कार केला तर एकाचे दोन आरोप होऊ शकतात. उलट, खरंच चूक झाली असेल तर वेळेत कबुली देण्याची सोय २०१३ पासून आहे. ती आणली तेव्हा तक्रार कळल्यापासून सात दिवसांची मुदत होती. आजची मुदत आणि कबुलीनंतर काय होईल, हे अॅडव्हायजरकडून त्याच दिवशी लेखी घ्या. चूक झालीच नसेल, तर केवळ सुटका लवकर व्हावी म्हणून कबुली देऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

आजच रात्री मुलाने लिहून ठेवावं: कुठे बसला, बाकावर काय होतं, फोन कुठे होता, कोणत्या क्रमाने प्रश्न सोडवले. कच्चं काम जपून ठेवावं. व्हॉट्सअॅपचा ग्रुप पुसू नये. ज्याच्यावर तसाच आरोप आहे त्या मित्राशी "आपण काय सांगायचं" हे बोलू नये, दोघेही निर्दोष असले तरी.

तुम्ही स्वतः फोन केलात तर कमिटी बहुधा काही सांगणार नाही. कॉलेजात गेल्यावर नोंदींवरचा हक्क मुलाचा असतो, साधारणपणे त्याची लेखी संमती लागते.

आणि मुलगा एफ-१ म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असेल तर कबुली किंवा रजा, कशावरही सही करण्याआधी त्याने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जावं. निलंबन झालं की सेविस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली त्याची नोंद बंद होऊ शकते आणि देश सोडावा लागतो. पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यास परतताना साधारणपणे नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला लागतो. ऑनर अॅडव्हायजर विद्यार्थी असतो, ही बाजू त्याला ठाऊक असेलच असं धरून चालू नका.